काळ्या कपड्यांचा नवस

आईला ग्रीक येत नव्हतं आणि मलाही येत नव्हतं. तरी विमानं बंद झाली त्या वर्षी आम्ही दोघं रोज दुपारी एका ग्रीक बेटावरची मालिका बघायचो, आणि ती मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं.

आई मार्चच्या सुरुवातीला पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. बाबा आले नाहीत. इतका वेळ विमानात बसलं की त्यांचे पाय सुजतात. "तू जाऊन ये, मी डबा लावतो," असं ते तिला म्हणाले होते. ती आली, जेट लॅग उतरला, आणि सगळं जगच बंद झालं. तीन महिन्यांचा व्हिसा वाढवून घेतला. बाबा पुण्यात एकटे राहिले.

आमचं घर सिडनीत, ब्लॅकटाउनला. बायको वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये लॅबमध्ये काम करते, आणि त्या काळात लॅब म्हणजे काय झालं होतं ते सांगायला नको. ती सकाळी जायची ती कधी परतेल याचा नेम नसायचा. मी गॅरेजमध्ये टेबल टाकून कंपनीचं काम करत होतो. आठ वर्षांच्या मुलीची शाळा काही आठवडे डायनिंग टेबलावर भरली, मग उघडली, पण तिला जरा शिंक आली की पुन्हा घरी. या सगळ्यात घर चाललं ते आईमुळे. डबे, धुणं, नातीची वेणी, तिचे पाढे, बायको आली की गरम पोळी. "सासूबाई नसत्या तर मी नोकरी सोडली असती," बायको म्हणायची, आणि ते खरं होतं.

मालिका जुनी होती, इथेच ऑस्ट्रेलियात तयार झालेली. दुपारी पुन्हा दाखवत होते. निम्मे संवाद ग्रीकमध्ये, खाली इंग्रजी ओळी. आईला इंग्रजी अक्षरं लागतात, पण ती ओळ लावेपर्यंत ओळ निघून गेलेली असायची. मग मी जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन तिच्या शेजारी बसायचो आणि वाचून सांगायचो.

गोष्टीत एक म्हातारी होती. लेकीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्या बेटावरून आलेली. नवरा तिकडे शेळ्या सांभाळत मागे राहिलेला. हिवाळा आला, समुद्र खवळला, बोटी बंद झाल्या, आणि ती लेकीकडेच अडकली. बाकी मालिकेत प्रेमप्रकरणं होती, जमिनीची भांडणं होती, एक पाद्रीही होता. पण आईला त्या कुणाशी देणंघेणं नव्हतं.

"आपली बाई आली बघ," ती पडद्यावर दिसली की आई म्हणायची. "माझ्यासारखीच अडकलीय बिचारी. बघ, नातवाला घेते पण डोळे समुद्राकडे."

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

अडकलेल्या लोकांना परत नेणारी खास विमानं सुरू झाली तेव्हा जूनमध्ये मी आईचं नाव यादीत घातलं होतं. ऑगस्टमध्ये फोन आला. दिल्लीपर्यंत एक जागा आहे, तिथून पुढे पुण्याचं बघावं लागेल, संध्याकाळपर्यंत कळवा. मी गॅरेजमध्ये होतो. आत आई मुलीला तेराचा पाढा म्हणायला लावत होती. मी संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबलो नाही. त्याच फोनवर म्हणालो, सध्या त्यांना प्रवास झेपणार नाही, पुढच्या खेपेला बघू.

मला भीती वाटत होती हे खरं आहे. एकाहत्तर वर्षांची बाई, दोन विमानं, दिल्लीचं विलगीकरण, पुण्यात रोज वाढणारे आकडे. पण त्याच आठवड्यात बायकोच्या शिफ्ट वाढल्या होत्या आणि माझा प्रोजेक्ट अडला होता, हेही खरं आहे. त्या नकारात भीती किती आणि सोय किती, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. नंतर पुष्कळदा विचारलं.

बायकोला दुसऱ्या दिवशी सकाळी, ती बूट घालत असताना सांगितलं. "बरं केलंस," ती पटकन म्हणाली. मग एक बूट हातात धरून तशीच बसून राहिली. "नाही रे. असं म्हणायला नको होतं मी. आईंना सांगितलंस का?"

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. आई दर दोन-तीन दिवसांनी विचारायची, "लागला का रे नंबर?" मी म्हणायचो, "यादी मोठी आहे गं."

मालिकेतला तो भाग यानंतर चार-पाच दिवसांनी आला. एक खलाशी टोपी हातात घेऊन म्हातारीच्या दारात उभा राहिला. खालच्या ओळीत आलं, तुमचा नवरा गेला, आम्ही त्याला पुरलं, तुमची वाट बघणं शक्य नव्हतं. म्हातारी पायरीवर बसली आणि तिने जो आवाज काढला तो ऐकून मुलगी आतल्या खोलीतून धावत आली.

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ मला मिळाला.

"बोट अजून पंधरा दिवस येणार नाही म्हणतोय."

"एवढ्यासाठी एवढं रडायचं?"

"कंटाळली असेल."

आईने पदराने डोळे पुसले. "कंटाळतंच माणूस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी म्हातारी डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात होती.

"हे काय? इंग्रजी सिनेमात मयताला काळं घालतात ना?"

"ते एक दिवसाचं. हे रोजचं आहे. नवस असतो यांच्यात. बोट लवकर यावी म्हणून काळे कपडे घालायचे."

हे मला कुठून सुचलं, सांगता येणार नाही. पण आईला ते इतकं पटलं की मी स्वतःच चकित झालो. नवस ही गोष्ट तिला समजण्यासारखी होती. तिने फोनवर माझ्या मावशीला सांगितलं, "अगं, ग्रीक लोकांत की नाही, काळ्या कपड्यांचा नवस असतो. प्रवासासाठी." मावशी पलीकडून म्हणाली, "संक्रांतीखेरीज काळं कसलं घालतात, अशुभ मेलं!" त्यावर आईने तिला सुनावलं, "तुला सगळ्या जगाचं कळतं का?"

एकदा खोटं सांगितल्यावर मला रोज नवी गोष्ट रचावी लागली. पडद्यावर शेजारणी सांत्वनाला यायच्या, मी त्यांना हळदीकुंकवाला आल्यासारखं बोलायला लावायचो. लेक आईच्या गळ्यात पडून रडायची, मी म्हणायचो, बाळाला ताप आहे. म्हातारी नवऱ्याच्या कोटाचा वास घ्यायची, तेव्हा तर मी "थंडी वाढली" एवढंच म्हणालो होतो. मुलगी कधी मध्येच येऊन बसली तर मी तिला काहीतरी आणायला पाठवायचो, कारण तिला त्या ओळी वाचता येत होत्या.

मग एक दिवस आईने जेवणानंतरचा गुळाचा खडा परत ठेवला.

"का गं?"

"नंबर लागेपर्यंत गोड खाणार नाही. मीही बोललेय." ती जरा लाजल्यासारखी हसली. "काळं घालायला इथे माझ्याकडे साडी नाही. आणि तुझ्या बाबांना कळलं तर हसतील."

गोडाशिवाय माझ्या आईचं जेवण पुरं होत नाही. सप्टेंबरमध्ये मुलीचा वाढदिवस झाला, केक आईनेच कापायला लावला आणि स्वतः तुकडा हातात घेऊन नातीच्या तोंडात घातला. त्याआधी गणपतीतले मोदकही तिने केले आणि आम्हीच खाल्ले. मी समोर बसून खाल्ले. तेव्हाही सांगू शकलो असतो.

शाळेच्या सुट्ट्या लागल्या आणि मुलीने कॉम्प्युटरवर शोधून काढलं की आजीचं ग्रीक बेट इथेच आहे. सगळं शूटिंग सिडनीच्या दक्षिणेला, तीन तासांवरच्या एका मच्छीमारांच्या गावात झालं होतं. पांढरी रंगवलेली भिंत आणि निळं दार अजून तिथे होतं म्हणे. लोक बघायला जायचे.

"आजी, इट्स नॉट ईव्हन ग्रीस!"

आई हसत सुटली. "म्हणजे आपली बाई इथंच राहते? आणि मी एवढी विमानाची वाट बघतेय! हिच्याकडे तर मोटारीने जाता येतं."

राज्यातल्या राज्यात फिरायला तेव्हा मोकळीक होती. बायकोची शिफ्ट होती, म्हणून आम्ही तिघंच गेलो. आईने धपाटे आणि दही घेतलं, थर्मासमध्ये चहा घेतला, आणि बाबांना फोन करून सांगितलं की मी आज ग्रीसला जातेय.

गाव छोटंसं होतं. एक धक्का, त्याला बांधलेल्या पाच-सहा बोटी, मासे साफ करायच्या ओट्याभोवती उभे असलेले पेलिकन. पांढरी भिंत म्हणजे मासळीच्या शेडची मागची बाजू निघाली. पुढून पत्रा आणि मागून ग्रीस. निळं दार भिंतीवर नुसतं ठोकलेलं होतं. मुलीने ते ढकलून बघितलं, कडी वाजवली, मग म्हणाली, "देअर्ज नथिंग बिहाइंड इट." पायरी मात्र खरी होती, दगडाची. आई त्या पायरीवर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "काढ फोटो. समुद्र दिसला पाहिजे बाजूला."

मी फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. साडीवर स्वेटर, पायात बायकोचे स्पोर्ट्स शूज, चेहऱ्यावर हसू. ज्या पायरीवर ती बाई ओरडून रडली होती, तिथेच.

धक्क्याजवळ एक फिश अँड चिप्सचं दुकान होतं. आम्ही मुलीसाठी चिप्स घ्यायला गेलो. दुकानाबाहेर उन्हात खुर्ची टाकून एक म्हातारी बाई शेंगा सोलत बसली होती. दुकान चालवणाऱ्याची आई असावी. आणि ती पूर्ण काळ्या कपड्यात होती. काळा झगा, काळे मोजे, डोक्याला काळा रुमाल.

आई जागीच थांबली. मग माझा दंड धरून म्हणाली, "अरे, खरी ग्रीक!"

"आई, चल, तिकडे बसू."

"थांब रे."

ती तोवर पुढे गेली होती. म्हातारीने मान वर करून पाहिलं. आईने नमस्कार केला, शेंगांकडे बोट दाखवलं. "वालासारख्याच आहेत गं," ती नातीला म्हणाली. बाजूला एक रिकामी खुर्ची होती. ती तिने अंतर राखून ओढली, पर्समधून सॅनिटायझर काढून हात चोळले आणि दोन्ही तळवे पुढे केले. म्हातारीने क्षणभर विचार केला, मग मूठभर शेंगा तिच्या ओच्यात टाकल्या. दोघी सोलायला लागल्या. एकमेकींच्या हाताकडे बघत, कोण कसं सोलतं ते तपासत.

मी दुकानाच्या दारात उभा होतो. आतला माणूस मला विचारत होता, मीठ नेहमीचं घालू की मसाल्याचं चिकन सॉल्ट, आणि मी बाहेर त्या दोघींकडे बघत होतो.

"विचार गं तिला," आई नातीला म्हणाली, "कसला नवस केलाय?"

"व्हॉट्स नवस?"

"देवाला आपण काहीतरी कबूल करतो ना, ते. हे काळे कपडे कशासाठी, विचार."

मुलीने नीट विचार करून विचारलं, "माय आजी इज आस्किंग, व्हॉट डिड यू प्रॉमिस गॉड? फॉर द ब्लॅक क्लोद्ज?"

म्हातारीचे हात थांबले. "प्रॉमिस?" ती म्हणाली. "नो प्रॉमिस, डार्लिंग. माय हजबंड. ही डाय."

मुलीने भाषांतर करायला तोंड उघडलं, पण त्याची गरज नव्हती. आईला ते शब्द येत होते. तिच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. ती उठली, ओच्यातल्या शेंगा सांडल्या, आणि तिने दोन्ही हात जोडले. "सॉरी," ती म्हणाली. "व्हेरी सॉरी." मग मराठीत, "मला माहीत नव्हतं हो. मला वेगळंच सांगितलं होतं."

म्हातारीने हात हलवला, जणू माशी उडवली. "ओके, ओके." तिने आईला पुन्हा बसायची खूण केली. आईच्या बांगड्यांकडे, मंगळसूत्राकडे बघत तिने विचारलं, "युवर हजबंड?"

"इंडिया."

"अलोन?"

"येस," आई म्हणाली. "अलोन."

म्हातारीने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. अंतर वगैरे विसरून ठेवला आणि तसाच राहू दिला. आईने राहिलेल्या शेंगा सोलून संपवल्या, खाली सांडलेल्याही वेचल्या, मग उठून धक्क्याच्या कठड्याकडे चालत गेली. मी मागून गेलो. मुलगी चिप्सची पुडी घेऊन पेलिकनांजवळ थांबली होती.

"आपली बाई," आई समुद्राकडे बघत म्हणाली. "तिचा नवरा गेला होता ना?"

"हो."

"त्या दिवशीच? टोपीवाला आला होता तेव्हा?"

"हो."

"आणि तू मला बोट सांगितलीस." तिचा आवाज चढला नव्हता. "मी त्या बाईला भर रस्त्यात नवस विचारला. किती वाईट वाटलं असेल तिला. का रे?"

"तुला बाबांची काळजी वाटेल म्हणून."

"ती मला टीव्हीशिवायही वाटते."

मग ती माझ्याकडे वळली. लहानपणी ताप बघायला कपाळावर हात ठेवताना बघायची, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "आणखी काय वेगळं सांगितलंयस?"

मी सांगितलं. ऑगस्टमध्ये जागा आली होती आणि मी नको म्हणालो. दिल्लीची भीती सांगितली. मग शिफ्टचं आणि प्रोजेक्टचंही सांगितलं, कारण नुसती भीती सांगितली असती तर ते आणखी एक भाषांतर झालं असतं.

आईने पुन्हा समुद्राकडे तोंड केलं. एक बोट आत येत होती आणि पेलिकन तिच्या दिशेने सरकत होते.

"मला विचारलं असतंस तर मीच कदाचित राहिले असते," ती म्हणाली. "सुनेचे हाल दिसतात मला. पण विचारायचं तरी. तुझे बाबा रोज विचारतात, लागला का नंबर. मी त्यांना सांगते, मुलगा खटपट करतोय." तिने पर्समधून फोन काढून माझ्या हातात दिला. "लाव. आणि तू सांग त्यांना."

"आत्ता?"

"आत्ता."

पुण्यात सकाळ होती. बाबा बनियनवर, चष्मा कपाळावर, गॅसजवळ उभे होते. "काय, पोचलात का ग्रीसला?" ते मोठ्याने म्हणाले. "समुद्र दाखव बघू."

मी समुद्र दाखवला नाही. फोन चेहऱ्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. मध्ये दोनदा चित्र थांबलं, दोनदा तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. मी नको म्हणालो, बाबा. हो, आईला न विचारता. हो, ऑगस्टमध्ये.

बाबांनी गॅस बंद केला. चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू तसं केल्याने मी जास्त स्पष्ट ऐकू येणार होतो.

"हां," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हे बघ, तू हो म्हणाला असतास ना, तरी मीच तिला म्हटलं असतं, येऊ नकोस म्हणून. इथे काय परिस्थिती होती ऑगस्टमध्ये... आमच्या खालच्या मजल्यावरचे दोघं..."

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "त्याला सोपं करू नका," ती म्हणाली. "तुम्हाला मी तिकडे हवी होते की नको?"

बाबांच्या मागे ओट्यावर एक कप, एक बशी, एक चमचा होता. आईने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे मला दिसलं.

"हवी होतीस," ते म्हणाले. "संध्याकाळी फार वाटतं."

आईने मान हलवली. मग त्यांच्या गोळ्यांचं विचारलं, डबेवालीने पोळ्या जाड केल्यात का ते विचारलं, आणि ठेवते म्हणाली. धपाटे आम्ही गाडीच्या बॉनेटवर ठेवून खाल्ले. परत येताना ती पुढच्या सीटवर बसून झोपली. निदान तिने डोळे मिटले होते.

घरी आल्यावर तिने माझ्याकडून दोन गोष्टी करून घेतल्या. यादीत माझ्या फोन नंबरच्या जागी तिचा फोन नंबर घालायला लावला. आणि बायकोला आम्हा दोघांसमोर बसवून विचारलं, "मी गेल्यावर तुमचं कसं चालेल, ते आत्ता ठरवू." शेजारच्या पंजाबी कुटुंबाशी मुलीला शाळेत सोडण्या-आणण्याचं जमवलं. मी कंपनीकडे कामाचे तास बदलून मागितले, जे मला ऑगस्टमध्येही मागता आले असते. त्यांनी एका ईमेलवर हो म्हटलं. पोळ्या लाटायला मी शिकलो, वाईट, पण शिकलो. आई शेजारी उभी राहून म्हणायची, "ऑस्ट्रेलियाचा नकाशा झालाय. भाज तसाच."

या सगळ्यात ती माझ्यावर रागावली नव्हती असं नाही. पहिले काही दिवस ती मला जेवायला वाढायची, पण मी काय खाल्लं हे बघायची नाही. माझ्या आईच्या बाबतीत हा मोठा राग आहे.

नोव्हेंबरमध्ये फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. गॅरेजच्या दारातून तिचा आवाज ऐकू आला. फोनवर इंग्रजी बोलताना ती जशी बोलते, तशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "येस. आय अ‍ॅम स्पीकिंग. सेव्हन्टी वन. फिट. व्हेरी फिट." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. मला वाटलं, ती मला हाक मारेल. मी हेडफोन काढून खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा.

"नो," आई म्हणाली. "सन बिझी. आय विल टेल. येस, आय अ‍ॅम गोइंग."